गावच्या नदीत पाणमांजर आहे का ते कसं बघायचं, आणि असलं तर पुढं काय करायचं

वाईपासून खाली माहुली, कराड, औदुंबर, भिलवडी करत पार हरिपूरपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात मगरीचा विषय काढा, पारावर बसलेला प्रत्येकजण आपापली गोष्ट सांगायला पुढं सरकतो. पाणमांजराचं नाव काढलं की मात्र निम्मे लोक म्हणतात ते कोकणात असतंय आणि उरलेले मुंगसाबद्दल बोलायला लागतात. पण गावात पहाटे जाळं काढायला जाणारे कुणी भोई मामा असतील तर त्यांना विचारून बघा, "हाय की, कुत्र्यावानी तोंड, चार-पाच मिळून येत्यात आन जाळ्यातलं मासं घिऊन जात्यात" असं सरळ उत्तर येतं. म्हणजे माहिती गावात असते, फक्त ती कुठं लिहिलेली नसते आणि लिहिलेली नसली की सरकारदरबारी तो प्राणी तिथं नसतोच.

आमच्या गावच्या नदीसाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू, असं बरेच जण विचारतात म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, स्वच्छता मोहिमेपासून सुरू करू नका. टीशर्ट छापणं, बॅनर, सेल्फी पॉइंट वगैरे सगळं नंतर. आधी एक वही घ्या, नदीचा दोन-तीन किलोमीटरचा एकच पट्टा ठरवा आणि वर्षभर तोच बघा. कंटाळवाणं काम आहे पण पुढं जे काही होतं ते या वहीच्या जोरावरच होतं.

प्राणी नक्की कोणता

आपल्या मोठ्या नदीपात्रात, म्हणजे कृष्णा, कोयना, वारणेच्या रुंद पाण्यात, जे दिसायची शक्यता जास्त ते म्हणजे गुळगुळीत, आखूड केसांचं मोठं पाणमांजर. वजन साधारण ७ ते ११ किलो, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर किंवा थोडं जास्त. शेपूट टोकाकडं चपटी असते, पंजांना बोटांमधे पडदा असतो आणि पाण्यातून बाहेर आलं की अंग तेल लावल्यासारखं चकाकतं. कोयना अभयारण्यातल्या प्राण्यांच्या यादीतही याचं नाव आहे. दुसरं एक लहान नखांचं पाणमांजर असतं, ते आकारानं बरंच लहान, सह्याद्रीतल्या डोंगरी ओढ्यांत खेकडे शोधत फिरणारं, पण त्याच्या नोंदी जास्त करून खाली कर्नाटक, केरळकडच्या घाटांतल्या आहेत.

घोटाळा होतो तो मुंगूस आणि उदमांजर यांच्याशी. मुंगूस पाण्याकाठी फिरतं खरं पण खोल पाण्यात डुबकी मारून मासा घेऊन वर येत नाही. उदमांजर रात्रीचं, झाडावर चढणारं, एकटं. पाणमांजर कुटुंबानं राहतं, चार-पाच-सहा डोकी एका ओळीत पाण्यावर, मधेच एक गायब होतं आणि दहा फुटांवर वर येतं, आणि एकमेकांना शिट्टीसारखी हाक मारत राहतात, ही आवाजाची खूण एकदा कळली की मग दिसायच्या आधी ऐकूच येतात.

पट्टा कसा निवडायचा

गावाच्या हद्दीतला, सगळ्यांना चालत जाता येईल असा. वरच्या टोकाला एक पक्की खूण हवी (पूल, बंधारा, देऊळ, जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, काहीही) आणि खालच्या टोकाला एक. मधे शक्यतो थोडा खडक, थोडी वाळू किंवा पोयटा आणि थोडी दाट झाडी असा मिश्र काठ असला तर उत्तम, कारण पाणमांजराला तिन्ही लागतं. मासा पकडायला पाणी, अंग घासून कोरडं करायला वाळू किंवा सपाट खडक आणि लपायला झाडांच्या मुळांतली नाहीतर दगडांच्या फटीतली जागा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पट्ट्यात असेल तर सोन्याहून पिवळं, बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असताना बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मासे गोळा होतात आणि तिथं खुणा सापडतात.

माणसं चार ते सहा पुरेत. त्यात एक तरी मासेमारी करणारा, एक नदीकाठी रान असलेला शेतकरी आणि एक व्हॉट्सॲपवर न भांडता काम करणारा हवा. तिसरा मिळणं सगळ्यात अवघड.

काठावर काय शोधायचं

प्राणी दिसेलच असं नाही, त्याच्यामागं लागूही नका. खुणा शोधा. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे विष्ठा. पाणमांजरं एका ठरलेल्या जागी, बहुतेक वेळा पाण्याजवळच्या उंच सपाट खडकावर, वाळूच्या उंचवट्यावर किंवा दोन प्रवाह मिळतात तिथल्या टोकावर, पुन्हा पुन्हा येऊन विष्ठा टाकतात, ते त्यांचं आपसांत निरोप ठेवायचं ठिकाण असतं. ताजी असेल तर काळपट, चिकट, ओली आणि माशाचा उग्र वास. वाळली की राखाडी-पांढरी पडते आणि काडीनं मोडली की आत नुसते खवले, बारीक काटे आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे निघतात. मुंगसाच्या विष्ठेत केस आणि किड्यांचे पंख दिसतील, उदमांजराच्या विष्ठेत फळांच्या बिया. काडी वापरा, हात लावू नका, आणि नमुना उचलून घरी आणू नका. ती त्यांची खूण आहे, तिथंच राहू दे.

दुसरी खूण पाऊल. कुत्र्याच्या पावलात चार बोटं उमटतात, पाणमांजराच्या पाच, आणि चिखल मऊ असेल तर बोटांच्या मधल्या पडद्याची पुसट रेघही दिसते. मागं कधी शेपूट ओढल्याचा मागही दिसतो. पाऊल बघायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पूर ओसरल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा काठाला नवा गाळ बसलेला असतो आणि प्रत्येक ठसा स्पष्ट येतो.

तिसरी, वाळूत लोळल्याच्या जागा. गवत दबलेलं, वाळू विस्कटलेली, जवळच विष्ठा. चौथी, अर्धवट खाल्लेले मासे, पण यावर एकट्यावर विसंबू नका कारण बगळे, घारी, कुत्री सगळेच खातात.

फोटो काढताना खुणेशेजारी काहीतरी मापाचं ठेवा. दहा रुपयाचं नाणं बरं पडतं, त्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो, म्हणजे नंतर कुणालाही फोटोवरून आकार काढता येतो. वरून सरळ एक फोटो, आजूबाजूची जागा कळेल असा लांबून एक. नाण्याऐवजी चप्पल ठेवून काढलेले फोटो ग्रुपवर येतात, त्यातून चपलेचा ब्रँड तेवढा कळतो.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा (दोन खुणांच्या मधली, "जॅकवेलच्या वर जांभळीखाली" असं चालेल), काय दिसलं, ताजं की जुनं, पाणी कसं होतं. आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा, काहीही दिसलं नाही तरी "काही नाही" असं लिहायचं. लोक हेच टाळतात. तीन महिने खुणा होत्या आणि मग दोन महिने काहीच नाही, ही गोष्ट फक्त रिकाम्या नोंदींमुळंच कळते आणि त्या दोन महिन्यांत नदीत काय झालं हा प्रश्न तेव्हाच विचारता येतो. पावसाळा सोडून पंधरवड्यातून एकदा फेरी पुरे, पण दर वेळी तोच रस्ता आणि साधारण तीच वेळ. सूर्य उगवल्यावर जा, अंधारात नाही, का ते पुढं सांगतो.

त्याच वहीत पाण्याचीही नोंद ठेवा. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि किती हातावर दिसेनाशी होते ते लिहायचं, हे फुकटात होतं. थोडे पैसे जमले तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट घ्या. आंघोळीयोग्य पाण्यासाठी लिटरला ५ मिलीग्रॅम ऑक्सिजन हा सरकारी निकष आहे, त्याच्या बराच खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. हा ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, दुपारी उन्हात वाढतो, त्यामुळं एकदा सकाळी एकदा दुपारी असं मोजून तुलना केली तर काहीच अर्थ निघत नाही.

मगर, हे गमतीत घेऊ नका

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. त्यामुळं नियम कडक. एकट्यानं जायचं नाही, अंधारात जायचं नाही. पाण्यात पाय घालायचा नाही, खूण पलीकडच्या खडकावर असली तरी नाही. काठाला उकिडवं बसून फोटो काढायचा नाही, पाण्यापासून चार-पाच पावलं लांब राहायचं. सोबत कुत्रं न्यायचं नाही. मगर थंडीत उन्हाला बाहेर येते आणि फेब्रुवारीनंतर काठाच्या मातीत अंडी घालते, त्या काळात उकरलेली माती दिसली की तिथून मागं फिरा. लहान मुलांना पाणमांजर दाखवायला नेणार असाल तर पुलावरून दाखवा, दुर्बीण द्या हातात. कोयनेतून पाणी सोडणार असल्याची सूचना आली असेल त्या दिवशी फेरी रद्द.

रील टाकू नका

हे सांगितलं की तरुण पोरं नाराज होतात. पण कारण ऐका. पाणमांजराच्या कातड्याची चोरटी शिकार पूर्वीपासून आहे आणि अलीकडं आशियात पाळीव म्हणून पिल्लं विकायचा धंदा इतका वाढला की २०१९ मधे या दोन्ही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करावा लागला, सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकून. सोशल मीडियावरच्या गोंडस व्हिडिओंचा त्यात मोठा हात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पकडणं, पाळणं, मारणं सगळंच गुन्हा आहे. तुमच्या रीलमधे मागं बंधारा दिसला की जागा कळलीच. व्हिडिओ काढायला हरकत नाही, गटात ठेवा, वनखात्याला द्या, पण गावाचं नाव आणि लोकेशन बाहेर जाऊ देऊ नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर नोंद टाकत असाल तर तिथं जागा धूसर ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. बिळाचा फोटो तर कुणालाच नको, आणि बीळ सापडलं तर परत तिथं जायचंच नाही. पिल्लं साधारण पाऊस संपल्यावर ते हिवाळा या काळात असतात, तेव्हा माणसांची वर्दळ वाढली की आई पिल्लं उचलून दुसरीकडं नेते आणि दुसरीकडं जागा चांगली मिळेलच असं नाही.

मासेमारी करणाऱ्यांशी बोलणं

इथं निम्म्या मोहिमा फसतात. शहरातून कोणीतरी येतं आणि मामांना सांगतं की हा प्राणी दुर्मिळ आहे, जपा. मामांचं जाळं फाटलेलं असतं. नवं जाळं फुकट येत नाही, आणि पाणमांजर जाळ्यातला चांगला मासा अर्धा खाऊन अर्धा सोडतं तेव्हा तो बाजारातही चालत नाही. हे नुकसान खरं आहे, ते आधी मान्य करा. बैठकीत पहिला अर्धा तास फक्त ऐका आणि नुकसान वहीत लिहून घ्या, किती जाळी, कोणत्या महिन्यात, कोणत्या डोहात. मार्च ते मेमधे पाणी आटतं, मासे डोहात गोळा होतात, पाणमांजरंही तिथंच आणि जाळीही तिथंच, त्यामुळं भांडण त्याच काळात होतं.

मग तोडगे बोलता येतात. जाळं रात्रभर तसंच न ठेवता मधे एकदा बघून घेणं. विष्ठेचे खडक जिथं आहेत त्या डोहात उन्हाळ्याचे दोन महिने जाळं न लावणं, पण हे मच्छीमार सोसायटीनं स्वतः ठरवलं तरच, लादून होत नाही. आणि एक मुद्दा आहे जो मामा लोक स्वतःच मांडतात, की मासे कमी झाले ते पाणमांजरामुळं नाही, जिलेटीन लावणाऱ्यांमुळं, पाण्यात करंट सोडणाऱ्यांमुळं आणि नाल्याच्या पाण्यामुळं. जिलेटीनच्या एका बारात अंडी, पिल्लं, सगळंच मरतं. स्फोट किंवा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे ब्रिटिशांच्या काळापासून, आणि तरी रविवारी दुपारी आवाज येतोच. इथं मच्छीमार आणि पाणमांजर एकाच बाजूला आहेत. तुमची मोहीम या मुद्द्यापासून सुरू झाली तर सोसायटी तुमच्यासोबत येते, पाणमांजरापासून सुरू केली तर येत नाही. जिलेटीनची खबर मिळाली की ११२ ला फोन, शक्य असेल तर गाडीचा नंबर, पण स्वतः जाऊन वाद घालायचा नाही, स्फोटकं असलेल्या माणसाशी नदीकाठी हुज्जत घालणं शहाणपणाचं नाही.

शेततळ्यात मासे सोडलेत त्यांच्यासाठी वेगळं. तळ्याभोवती तारेची जाळी लावा, खालून फूटभर जमिनीत पुरलेली, नाहीतर उकरून आत येतं. वरची कड बाहेरच्या बाजूला वाकवा. जाळीत वीज सोडायची नाही, त्यात पाणमांजर मरतं, शेजाऱ्याचं पोरगंही मरतं आणि मालक जेलात जातो.

काठ "साफ" करू नका

सुशोभीकरण हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. जेसीबी येतो, करंज, वाळुंज, निरगुडीची झुडपं, लव्हाळा, सगळं खरवडून निघतं, मग पेव्हर ब्लॉक, मग बाकडी, मग उद्घाटन. गावाला वाटतं नदी स्वच्छ झाली. पाणमांजराच्या दृष्टीनं घर पाडलं. त्याला लागते ती हीच गचपण, वाळुंजाची पाण्यात उतरलेली मुळं, खडकातलं शेरणीचं झुडूप, उंबराखालची पोकळी. प्लास्टिक, बाटल्या, फाटकी जाळी, देवाच्या फुटक्या फ्रेमा हे सगळं जरूर वेचा (फाटकी जाळी तर आधी वेचा, त्यात अडकून प्राणी मरतात), पण झाड-झुडूप तोडायचं नाही आणि पालापाचोळा पेटवायचा नाही. उसाचं पाचट पेटवलं की आग काठापर्यंत उतरते, म्हणून काठाला रान असलेल्या शेतकऱ्यांना विनंती करा की पाचट कुट्टी करून सरीत ठेवा, आणि पाण्याच्या कडेला वीस-पंचवीस फुटांची पट्टी न नांगरता सोडा. तसाही तो भाग दर पुराला जातोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्यांची मळईची जमीन खचली त्यांना हे पटवायला फार वेळ लागत नाही, मुळं असलेला काठ धरून राहतो हे त्यांनी बघितलेलं आहे.

लावायचं असेल तर वाळुंजाची फांदी पूर ओसरल्यावर ओल्या काठात खोचा, लागते. वरच्या टप्प्यात करंज, जांभूळ, उंबर. उताराला वाळ्याचे ठोंब. गुलमोहर नको, सुबाभूळ तर अजिबात नको.

राखेचंही एक. आपल्याकडं बऱ्याच गावांत आता रक्षा नदीत न टाकता शेतात टाकून त्यावर झाड लावायची पद्धत पडलीय, घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सुरू केलेली. याचा आग्रह धरायचा तर गावातल्या एखाद्या अशा कुटुंबाला बोलतं करा, बाहेरच्या माणसानं दहाव्याच्या दिवशी उपदेश करू नये.

पाणी काळं झालं की त्या तासात काय करायचं

शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणारा सांगलीचा शेरीनाला सगळ्यांना माहिती आहे, अंकलीपाशी मेलेल्या माशांचा खच २०२३ च्या मार्चमधे सगळ्यांनी बघितला. अशा वेळी गावात दोन गोष्टी होतात, काहीजण पोत्यात मासे भरून घेऊन जातात आणि काहीजण मोबाईलवर लाईव्ह करतात. दोन्हीनं पुरावा जातो. मेलेले मासे खायचे नाहीत, विकायचे नाहीत, हे आधी गावाला सांगा.

मग क्रमानं. वहीत वेळ लिहा, पाण्याचा रंग, वास, फेस, मासे मेलेत की तडफडतायत, कोणत्या जातीचे (चिलापी मरायला लागली म्हणजे परिस्थिती फारच वाईट, तो मासा सहसा मरत नाही). फोटोत पूल किंवा बंधारा येऊ द्या. मग काठानं वर चालत जा, जिथं स्वच्छ पाणी सुरू होतं ती जागा शोधा, कारण काळं पाणी आणि चांगलं पाणी यांच्या मधेच कुठंतरी नाला किंवा पाईप असतो. तो सापडला की त्याचा फोटो. खाजगी आवारात शिरू नका.

त्याचवेळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन आणि लेखी मेल, दोन्ही. सातारा आणि सांगली दोन्हीकडं कार्यालय आहे. मेलची प्रत तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला. घाई यासाठी की तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी माहिती म्हणून उपयोगी पडतं, पण कारवाईसाठी १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणं मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुनाच लागतो, आणि नदी थांबत नाही. संध्याकाळी अधिकारी आले तर पाणी निवळलेलं असतं. ते आले की पंचनाम्यात वहीतली वेळ घालायला सांगा. नमुन्याचा अहवाल कधी मिळेल ते तिथंच विचारा, आणि नाही मिळाला तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. पहिल्या वळवाच्या पावसात विशेष लक्ष ठेवा, पाणी वाढलंय, गढूळ आहे, कोण बघतंय, अशा हिशोबानं बरंच काही सोडलं जातं.

कुठल्या कारखान्याचं नाव नमुन्याचा अहवाल येईपर्यंत ग्रुपवर लिहू नका. गावातली निम्मी घरं तिथं ऊस घालतात किंवा कामाला असतात, एकदा गावात दोन तट पडले की वही कुणी वाचत नाही.

ग्रामसभेत ठराव

वर्षभराची नोंद झाली की ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असतेच, त्यातली १ मेची बरी, नदीचा विषय उन्हाळ्यात लोकांना कळतो. विषय अजेंड्यावर आधी लेखी द्या, ऐनवेळच्या विषयात गेला की चहा येतो आणि सभा संपते. ठरावाचा मसुदा असा काहीसा चालतो:

"गावाच्या हद्दीतील नदीपात्रात पाणमांजर या वन्यप्राण्याचा वावर असल्याच्या नोंदी प्राप्त झाल्या आहेत. सदर नोंदींचा समावेश गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करावा, नदीपात्रात स्फोटके, विद्युत प्रवाह वा विषारी पदार्थ वापरून मासेमारी करण्यास सक्त मनाई करावी, तसेच नदीकाठची झाडी ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय तोडू नये, असे सर्वानुमते ठरले."

लोक जैवविविधता नोंदवही ही २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची गोष्ट, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं ही वही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर असते आणि सदस्यालाच माहिती नसतं की तो सदस्य आहे. विचारा, सापडेल. माझी वसुंधरा या राज्य सरकारच्या पर्यावरण अभियानात ग्रामपंचायतीला या कामाचा उपयोग होतो, ग्रामसेवकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा जरा खुलतो.

यापुढचं पाऊल मोठं आहे पण अशक्य नाही. कर्नाटकात तुंगभद्रेवर २०१५ मधे ३४ किलोमीटरचा पट्टा पाणमांजरासाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि तुंगभद्रा ही आपल्या कृष्णेचीच उपनदी. तिथंही मासेमारी आहे, शेती आहे, खडक फोडणारे होते. तसं काही आपल्या एखाद्या पट्ट्याला मिळवायचं तर एका गावाची वही पुरणार नाही, लागून असलेल्या चार-पाच गावांच्या वह्या लागतील, त्यामुळं शेजारच्या गावातल्या पोरांना आत्तापासून तोच नमुना द्या.

जखमी प्राणी किंवा पिल्लू दिसलं तर

उचलू नका. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे अनाथ आहे असं नाही, आई जवळपास असते आणि तुम्ही गेल्यावरच येते. लांब थांबा, कुत्री हाकला, गर्दी होऊ देऊ नका, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. दूध पाजू नका, घरी नेऊन बादलीत ठेवू नका. जाळ्यात अडकलेलं मोठं पाणमांजर असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका, दात भयंकर असतात, हाड फुटेपर्यंत चावतं. जाळं कापायचं का हे मामांना आणि वनरक्षकाला ठरवू द्या, आणि जाळं कापलं तर त्याचे पैसे गटानं वर्गणी काढून द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा दिलेत तर पुढच्या वेळी मामा स्वतः फोन करतात.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर काठावरची फेरी बंद. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, पाणी तिथं जायच्या कितीतरी आधी गावाकडचे खडक आणि बिळं बुडालेली असतात, पाणमांजरं ओढ्यानाल्यांत आणि बुडालेल्या रानात सरकतात. त्या काळात रस्त्यावर, उसाच्या कडेला कुणाला दिसलं तर नोंद फोनवरून घ्या. शाळेत बोलायचं ते या महिन्यांत बोला. मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी जागतिक पाणमांजर दिन असतो, पण तेव्हा आपल्याकडं शाळांना सुट्टी असते, म्हणून जूनमधे शाळा उघडल्यावर घेतलेला बरा.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आणखी एक काम उरकून घ्या. वहीच्या झेरॉक्स काढा, फोटो पेनड्राइव्हमधे भरा, एक संच ग्रामपंचायतीत आणि एक परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या ऑफिसात द्या. साहेब मीटिंगला असतील, शिपाई म्हणेल ठेवून जा, तसं ठेवून येऊ नका. सोबतच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, तारखेसह, आणि ती प्रत वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून टाका.